नायट्रिक की सायट्रिक? स्टेनलेस स्टीलच्या पॅसिव्हेशनसाठी दोन आम्ले
स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. मात्र मशिनिंगच्या वेळी पृष्ठभागावर चिकटलेले साध्या लोखंडाचे कण काढल्याखेरीज तो सलग बसत नाही. हे कण आम्लाने काढून थर सलग बसू देणे म्हणजे पॅसिव्हेशन. हे काम नायट्रिक आणि सायट्रिक ही दोन्ही आम्ले करतात आणि एएसटीएम या मानक-संस्थेच्या ए९६७ या मानकाला दोन्ही मान्य आहेत. नायट्रिकच्या २० ते ४५ टक्के द्रावणात, साधारण खोलीच्या तापमानाला, भाग किमान ३० मिनिटे बुडवावे लागतात. सायट्रिकचे ४ ते १० टक्के द्रावण ६० ते ७१ अंश सेल्सिअसला तेच ४ मिनिटांत साधते. नायट्रिकच्या वाफा घातक असतात, शिवाय ३०३सारख्या गंधकयुक्त ग्रेडचा (स्टेनलेसच्या प्रकाराचा) चकचकीत भाग त्यातून कधीकधी काळवंडून बाहेर येतो. सायट्रिक म्हणजे लिंबातलेच आम्ल. त्याच्या टाकीत बुरशी धरू शकते, तरीही लहान कारखान्याने तेच निवडावे, असे माझे मत आहे. वेल्डिंगचे निळसर-तपकिरी डाग मात्र दोघांच्याही आवाक्याबाहेरचे असून त्यांना पिकलिंग, म्हणजे अधिक तीव्र आम्लांनी वरचा थर काढणे, यासारखा उपाय हवा. पारख सोपी आहे: ३०४ ग्रेडच्या भागावर कॉपर सल्फेटचे द्रावण ६ मिनिटे ओले ठेवावे आणि गुलाबी तांबे दिसल्यास, म्हणजे साधे लोखंड अजून उरले असल्यास, भाग पुन्हा टाकीत सोडावा.