क्रॅबचा दिवा लागला, चाकं नाही वळली

आमच्या साइटवर एक जुनी रफ-टेरेन, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट होती. उभा मास्ट (ज्यावर काटे वर-खाली होतात तो खांब), मोठे खोबणीदार टायर आणि वळणारी चाकं मागची. वळताना शेपूट बाहेर फेकायची, पण विटांच्या थप्प्यांमधल्या गल्लीत बिनबोभाट शिरायची. अडचण एकच. माल ठेवायचा तिथवर यंत्रालाच जावं लागायचं. मध्ये चर आला की काम थांबलं. टेलिहँडलर अलीकडे उभा राहून बूम, म्हणजे काटे लावलेला लांब होणारा हात, लांबवतो आणि चरापलीकडे माल ठेवतो. म्हणून जुना टेलिहँडलर घेतला, फोर्कलिफ्ट बदल्यात देऊन.

विकणाऱ्याने बूमबद्दल सांगितलेलं सगळं खरं निघालं. बूम जितका बाहेर, तितकं कमी वजन उचलायचं, हेही त्याने आपणहून सांगितलं. इतका सरळ माणूस म्हटल्यावर पुढचंही मी मान्य केलं : "लांबी जास्त आहे, पण चारही चाकं वळतात. तुमच्या गल्लीत आरामात फिरेल."

माहितीपत्रकात वळणाची त्रिज्या छापलेली होती. तो आकडा चारही चाकं वळवून मोजलेला, तोही बाहेरच्या टायरपर्यंत. पुढे आलेले काटे आणि त्यावरचा माल त्यात नाहीत, हे मला नंतर कळलं.

यंत्र दाखवलं ते मोकळ्या, कोरड्या काँक्रीटच्या आवारात. चालवणारा त्यांचाच. वळण्याचे प्रकार तीन : पुढची दोन चाकं, चारही चाकं (मागची पुढच्यांच्या उलट), आणि क्रॅब, म्हणजे चारही एकाच बाजूला वळून खेकड्यासारखं तिरकं सरकणं. स्विच फिरवला की दर वेळी दिवा लागायचा. मी कॅबच्या दाराशी उभा राहून दिवे बघत बसलो. मागे जाऊन चाकं बघायची अक्कल काही सुचली नाही.

पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी टेलिहँडलर अडकला. ओल्या चिखलात चाकोऱ्या चार उमटल्या होत्या. चारही चाकं वळत असती तर मागची चाकं जवळपास पुढच्यांच्या चाकोरीतून आली असती आणि दोनच दिसल्या असत्या. मेकॅनिक खाली शिरला. मागच्या एक्सलला लोखंडी पट्टी वेल्ड करून चाकं सरळ जखडलेली, चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग सिलिंडरचे होज (तेलाच्या नळ्या) काढून तोंडं बंद केलेली, आणि वरून ताजा रंग. दिवा स्विचवर लागत होता, चाकांवर नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "कागदावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, सही तुमचीच आहे ना?" सही माझीच होती. फोर्कलिफ्ट त्याने तोवर विकून टाकली होती.

जुना टेलिहँडलर घ्यायचाच असेल तर ओल्या मातीवर चालवायला लावा, स्टिअरिंग आपल्या माणसाच्या हाती द्या. क्रॅबमध्ये कॅबचं तोंड सरळ राहून यंत्र तिरकं सरकलं पाहिजे. प्रकार बदलण्याआधी चाकं सरळ करायला सांगा. मागचं चाक जरा जरी वाकडं राहिलं तर तिथेच थांबा. एक्सलखाली टॉर्च मारा. जुन्या यंत्राला तेवढ्याच जागी नवा रंग कशाला असतो?

सध्या त्या गल्लीत वळायला तीनदा पुढे-मागे करावं लागतं. बूममुळे ऑपरेटरला उजवीकडचं दिसत नाही, म्हणून दर वेळी एक माणूस तिकडे उभा असतो.