मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, पहिल्यांदाच लावताय? मग आधी या दुकानात जाऊन या

एका शटरचं दुकान आहे, पुण्यात कर्वेनगरच्या आतल्या गल्लीत. समोर गाडी लावायला जागा नाही. तरी धायरीहून मी मुद्दाम इथे येते, कारण इथले दादा मासे विकण्याआधी पाण्याबद्दल बोलतात.

पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "ताई, घरी पाणी कुठलं येतं? महापालिकेचं की टँकरचं?" मग एक बाटली नळाच्या पाण्याची आणि एक स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरची घेऊन यायला सांगितलं. दोन्हींत मीटर बुडवून दाखवला. आमच्या नळाला येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ६४० आणि प्युरिफायरच्या पाण्याचा ८५. आपल्या घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते. पिण्यासाठी ते उत्तम, पण मरीन टँकला शून्य टीडीएसचंच पाणी लागतं, नाहीतर नको असलेले क्षार साठत जातात आणि शेवाळ माजतं. म्हणून आरओच्या (बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या) पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर बसवावा लागतो. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपत आलं की डोळ्यांना दिसतं. लगेच युनिट घ्यायचं नसेल त्यांच्यासाठी हे दुकान तयार खारं पाणीही कॅनने देतं.

मिठाचं प्रमाण लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पण वजनावर विसंबायचं नाही, रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्याचा खारटपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राने) बघायचं. ते कसं वापरायचं हे त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद मिटायचं, खाली बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा. अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरायचं. वरचा भाग निळा दिसतो, खालचा पांढरा, आणि दोन्हींच्या सीमेवर आकडा वाचायचा. २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ म्हणजे ३५ पीपीटी, हजार भागांत ३५ भाग क्षार. आणि हे यंत्र साध्या पाण्याने शून्यावर लावून भागत नाही. स्वस्तातली बरीच यंत्रं शून्यावर बरोबर असतात आणि ३५ ला चुकतात. त्यामुळे ३५ पीपीटीच्या तयार द्रावणानेच ते कॅलिब्रेट करायचं, म्हणजे आकडा जुळवून घ्यायचा. तुमचं यंत्र दुसरीकडून घेतलेलं असलं तरी इथे ते तपासून देतात, पैसे घेत नाहीत.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो उन्हाळ्याचा सल्ला. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि टँकचं पाणी ३० च्या वर जातं. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, महाग. माझ्या तीन फुटी टँकसाठी त्यांनी आधी पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे लावायला सांगितले. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात दमट हवेत पंख्यांचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा उकाडाही तेवढा नसतो. पंखे चालू असले की रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज जाते, त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंपही त्यांनीच सुचवला.

मासे मात्र लगेच मिळत नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट, ही नव्या टँकमध्ये तयार होणारी माशांना घातक द्रव्यं, दोन्ही शून्यावर आल्याशिवाय ते देत नाहीत. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पाण्याचा नमुना नेला की दर वेळी तपासून देतात. दुसऱ्या एका मोठ्या दुकानात मला नवाकोरा टँक सांगूनही ब्लू टँग गळ्यात मारत होते. तो मासा फूटभर वाढतो, तीन फुटांच्या टँकमध्ये त्याचे हाल होतात. इथे मला टँकमध्येच पैदा झालेली ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी मिळाली, दुकानात अन्नाला तोंड लावताना दाखवून मगच दिली.

कोरल विचारू नका. कठीण सांगाड्याची प्रवाळं आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते इथे ठेवतच नाहीत. खडकही कृत्रिम, कोरडे. ज्यांना समुद्राची खरी काळजी आहे त्यांनी असंच वागलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तक्रारी दोन. मिठाची बादली ऑनलाइनपेक्षा महाग पडते. आणि रविवारी संध्याकाळी दादा एकटे असतात, प्रत्येकाला नीट समजावत बसतात, त्यामुळे बराच वेळ ताटकळावं लागतं. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. तयार खारं पाणी हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि कॅन घरून न्या. गुरुवारी पाणीपुरवठा बंद असेल तर त्या दिवशी कॅन भरून मिळत नाहीत.