ॲमिलोराइड सात महिने वापरल्यावर: मीठ टाकायच्या आधीच चमक चढते!

बीटच्या टोनोप्लास्ट व्हेसिकल्सवर (पेशीतल्या रिक्तिकेच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांवर) सात महिने ॲमिलोराइड (सोडियम-प्रोटॉनची अदलाबदल अडवणारं रसायन) वापरतोय, आणि गेल्या आठवड्यात कळलं की सुरुवातीच्या तीन महिन्यांचे आकडे धरताच येणार नाहीत, म्हणून लिहितोय.

पद्धत सगळ्यांना माहितीच आहे. एटीपी (पेशीचं इंधन) दिलं की पडद्यातला पंप आत प्रोटॉन भरतो, ॲक्रिडिन ऑरेंज या चमकणाऱ्या रंगाची चमक उतरते, मीठ टाकलं की सोडियम आत, प्रोटॉन बाहेर, चमक परत चढते. ॲमिलोराइडने ही चढण मंदावली पाहिजे. १९८५ साली ब्लुमवाल्ड आणि पूल या संशोधकांनी बीटवरच हे दाखवलंय, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

पण त्या दिवशी मीठ टाकायचं राहून गेलं, क्युव्हेटमध्ये (चमक मोजायच्या छोट्या पात्रात) फक्त ॲमिलोराइड गेलं, आणि चमकेची रेघ तरी वर चढली. सोडियमचा कणही नाही! हे रसायन स्वतःच दुर्बल अल्कली आहे, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ८.७ च्या आसपास. पीएच ७.५ ला त्यातलं सुमारे ६ टक्के बिनभाराचं असतं, ते पडद्यातून आत शिरतं, प्रोटॉन पकडतं आणि आतली आम्लता खाऊन टाकतं. पीएच ८ केला तर हेच १७ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवतं, आणि एक बॅच काढायला सकाळची रात्र होते हो, ती अशी वाया गेली की जीव तुटतो.

तेव्हा बाटली फेकूनच देणार होतो. आता मत बदललंय. सोडियम वाढवत नेलं की ॲमिलोराइडचा खरा अडथळा सैल पडतो, कारण सोडियम आणि ॲमिलोराइड एकाच जागेसाठी भांडतात, आणि अल्कलीचा गोंधळ मात्र सोडियम कितीही असो तेवढाच राहतो, त्यामुळे मीठ नसलेली रेघ दर डोसला वेगळी घेऊन वजा केली की काम भागतं. ईआयपीए (ॲमिलोराइडचाच एक भाऊबंद) कमी डोसमध्ये चालतं, म्हणून हा त्रासही कमी, फक्त ते ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओची एकट्याची तुलना-रेघ (कंट्रोल) विसरू नका.

अजून एक, वजन करताना बाटलीवर डायहायड्रेट (रेणूमागे दोन पाण्याचे रेणू असलेलं) लिहिलंय का बघा. रेणुभार ३०२ ऐवजी २६६ धरून मी द्रावण केलं होतं, म्हणजे डोस १२ टक्के कमीच गेला. ते आकडे मी आता नव्याने काढतोय, बीट कालच चिरून बर्फात ठेवलंय.