मारवाडी घोडी, रवाल चाल आणि काळी माती: मार्गशीर्ष ते पोळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी घोडी बघायला गेलात की व्यापारी आधी कान दाखवतो, मग रंग, मग भोवरे. देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे, पंचकल्याण (चार पाय आणि तोंड पांढरं) आहे, वगैरे. शेवटी हलगीवर नाचवून दाखवतो. चाल मात्र आपणच मागावी लागते. मी रवाल चाल मागितली आणि पैसेही तिचेच मोजले. तिथल्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली घोडी तेव्हापासून यवतमाळकडच्या आमच्या शेतावर आहे. आता पोळाही झाला, म्हणून लिहितो.

रवालीत एका अंगाचा मागचा आणि पुढचा पाय लागोपाठ पडतो, मग दुसऱ्या अंगाचे. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडतात, घोडा उसळतो आणि स्वाराच्या कमरेला दणके बसतात. रवालीत पाठ जवळजवळ स्थिर राहते. कमरेला पट्टा बांधणारे आमचे बाबा उन्हाळ्यात कोरड्या पांदणीने शेतापर्यंत बसून गेले आणि परत येताना गाडीत बसायला तयार होईनात.

‘मारवाडी आहे म्हणजे रवाल आहेच’ असं सांगतात, ते खरं नाही. काहींच्या अंगात ती जन्मतः असते, काहींना शिकवलेली असते, काहींना येतच नाही. आइसलँडच्या घोड्यांवरच्या २०१२ च्या अभ्यासात अशा चालीचा संबंध डीएमआरटी३ या जनुकातल्या बदलाशी सापडला होता. बाजारात जनुक कोण तपासणार? दोन-तीन किलोमीटर स्वतः बसून जा. दमल्यावर कोणती चाल उरते ते बघा.

स्वभाव कळायला हिचं मूळ माहीत हवं. जोधपूरकडच्या मारवाडात राठोडांनी ही जात लढाईसाठी जोपासली. कच्छच्या किनाऱ्यावर अरबी घोड्यांचं जहाज फुटलं आणि ते घोडे इथल्या तट्टांत मिसळले, ही दंतकथा व्यापारी रंगवून सांगतात. अरबी रक्त आहे असं मानतात, पण टोकाला टोक लावणारे कान अरबी घोड्याला नसतात. ते मारवाडी आणि काठियावाडी या चुलत जातींचेच. १९३० पर्यंत जात खालावली होती, तेव्हा जोधपूरच्या महाराजा उमेदसिंहांनी तिच्याकडे लक्ष दिलं. पुढे १९५२ च्या कायद्याने राजस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या आणि सरदारांचे तबेले मोडले. उरलेल्या घोड्यांवरून पुन्हा जात उभी करण्यात उमेदसिंहांचे नातू गजसिंह यांचा मोठा वाटा.

रणात कामाला येणारं जनावर सावध असणारच. लोक त्याला तापट म्हणतात. आमची घोडी तापट नाही, तिला आवाज सहन होतो, पण ओढाताण नाही. नाच शिकवताना काटेरी लगामाने तोंड दुखावलेलं असावं. सुरुवातीला लगाम दिसला की मान वर करायची. साधा गोल लगाम आणि हलका हात, यावर महिनाभरात फरक पडला. घरच्या माणसांना ओळखते, परक्याला पाठीमागून जवळ येऊ देत नाही.

खरी कमाई जागलीची, म्हणजे रात्रीच्या राखणीची. कान जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरतात. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरं तुरीत शिरली की मला काही दिसायच्या आधी दोन्ही कान तिकडे वळलेले असतात. टॉर्च मग तिकडेच मारायचा. कुत्रा भुंकून रोह्याला सावध करतो, ही गप्प उभी राहते.

आता पावसाळ्याचं. काळ्या मातीत रवाल विसरा. चिखल खुराला गोळ्यासारखा चिकटतो, घोडी पाय उपटत चालते. ओल्यात उभी ठेवली तर खुराच्या खाचेत सड होते, म्हणून गोठ्यात मुरूम टाकला आणि रोज खूर कोरतो. मे महिन्याच्या उन्हाचा त्रास कमी झाला. सावली आणि पाणी पुरलं. माशा वाढल्या की सर्ऱ्याची, म्हणजे माशांमुळे पसरणाऱ्या रक्ताच्या रोगाची भीती असते. ताप येऊन उतरत असेल, पाय सुजत असतील तर वाट न बघता रक्त तपासून घ्या.

खायला ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं कुटार (भुसा) आणि भिजवलेले हरभरे. बुरशी धरलेलं कुटार बैल एखादवेळ पचवतो, घोडीचं पोट धरतं. सरकी म्हशीलाच. फवारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) चारायला सोडू नका.

रोज फिरवणारं माणूस घरात नसेल तर घेऊ नका. सोयाबीनच्या पेरणीत आठवडाभर बांधून राहिली तेव्हा दावं तोडलं, दाराची फळी लाथेने फोडली. नालबंद बघून म्हणाला, “कायले बांधून ठेवता बाप्पा, हिले दररोज चालवा न.” तो तालुक्याहून येतो, त्याच्या सवडीने. मारवाडात बरेच घोडे नालेशिवाय वापरतात. आम्हाला डांबरी रस्त्यामुळे पुढच्या पायांना नाल मारावी लागते.

पुढच्या उन्हाळ्यात फळवायचा विचार आहे. अकरा महिने गाभण, त्यात शेवटी बसणं बंद. जातिवंत घोडा आमच्या भागात जवळ नाही. कोणाकडे रवाल चालीचा, शांत घोडा असेल तर चालतानाचा व्हिडिओ दाखवा, नाचतानाचा नको.