तीन ब्रासचं बिल आणि अर्धा ब्रास माती

गेल्या मे महिन्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरामागे भाजीसाठी तीन उंच गादीवाफे करून घेतले. ३७,५०० रुपये मोजले आणि पदरात पडला बांधकामाचा मलबा. पैसे परत मिळतील की नाही ते पुढे कळेल. पण असं काम करणारी माणसं दारोदार फिरताहेत आणि पावसाआधीचे दोन महिने हाच त्यांचा हंगाम असतो. म्हणून मी कुठे आणि कशी फसले, ते सगळं लिहून ठेवते.

आमचं परस जुनं. सासूबाई होत्या तोवर पावसाळ्यात तांबडी भाजी, दोडकी, काकडी, भेंडी घरचीच असायची. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाभाज्यांच्या चौकटीला, बांधायचं निम्मं सामान परसातून यायचं. त्या गेल्या, मी शाळेत अडकलेली, आणि परसात रान माजलं. निवृत्त झाल्यावर पुन्हा सुरुवात करायचं ठरवलं. पण यजमानांचे गुडघे वाकत नाहीत आणि माझ्या कंबरेचंही तेच. वाफा उंच असला की स्टुलावर बसून खुरपता येतं, एवढ्याचसाठी हा सगळा घाट.

ओळखीतल्या एकांकडून नंबर मिळाला. माणूस दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर. बोलायला अगदी गोड. "बाय, तुमी कांयच भिवूं नाकात, हांव आसां न्हय?" हे तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. त्याला विषयाची जाण होती, हे आधी सांगायला हवं. वाफा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद ठेवा म्हणाला, कारण दोन्ही बाजूंनी हात दोन-दोन फूटच पोचतो आणि आत पाय द्यावा लागला की माती दडपते. भिंतीलगत असेल तर दोनच फूट रुंदी. मधली वाट दोन फुटांची, म्हणजे बादली घेऊन जाता येईल. उंची पंधरा इंच. तळ उघडा, म्हणजे मुळं खालच्या जमिनीत उतरतील. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. त्या जाणकारीवरच माझा विश्वास बसला. ज्याला इतकं कळतं तो मालही चांगलाच देणार, असं मी धरून चालले.

व्हॉट्सॲपवर दर आले. ट्रीटेड लाकडाचे तीन वाफे, जोडणीसकट १८,०००. तयार मिश्रण माती तीन ब्रास, ४,५०० दराने १३,५००. गांडूळखत पन्नास किलोच्या दहा गोणी, ६०० दराने ६,०००. मी २२,५०० रुपये आगाऊ पाठवले. यूपीआयवर पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाला ते भाच्याचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

आता मातीचा हिशोब बघा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आठ फूट गुणिले चार फूट गुणिले सव्वा फूट म्हणजे एका वाफ्यात ४० घनफूट. तिन्ही वाफे काठोकाठ भरले तरी १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्राससुद्धा नाही. माती नंतर बसते म्हणून थोडी जास्त मागवली, तर दीड ब्रास पुरे. त्याने तीन ब्रास लावले. चौथीच्या मुलांना वर्षानुवर्षं गणित शिकवलेली मी, आणि हे दोन मिनिटांचं गणित मांडलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

वाफे भरायचा दिवस त्याने नेमका मी पुण्याला मुलीकडे असतानाचा ठरवला. मी जाणार हे त्याला मीच सांगितलं होतं. घरी यजमान होते, पण "दादा, धूळ उडता, तुमी भितर बसात" म्हणून त्यांना आत बसवलं. दोन पिकअप येऊन गेल्या. संध्याकाळी मला फोटो आले: वर काळीभोर माती, कडेला नवीन फळ्या. बघून आनंद झाला आणि मी उरलेले १५,००० तिथूनच पाठवून दिले.

मृगाच्या पावसावर बी पेरलं. सासूबाईंची एक बाटली होती, राखेत ठेवलेलं भेंडीचं बी. सांत इस्तेव बेटाची म्हणून गोव्यात जिची ओळख आहे ती सात शिरांची भेंडी. बाजारातल्या नेहमीच्या भेंडीला पाचच शिरा असतात. निम्मं बी पेरलं, निम्मं ठेवलं. रोपं वर आली, चार पानांची झाली आणि पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं, आणि तेही कोवळ्या पानांपासून सुरू. जोराचा पाऊस झाला की वाफ्यात पाणी तुंबायचं. महिन्याभरात माती खाली बसली.

जुलैत एक दिवस उघडीप मिळाली तेव्हा कुदळ घेतली. पहिले चार-सहा इंच सहज गेले आणि मग ठण्ण आवाज आला. हाताने माती बाजूला केली. खाली चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे तुकडे, प्लास्टरचे मोठाले खपले, निळ्या बाथरूम टाइलचा कोपरा, आणि एक भिंतीचा तुकडा ज्याच्यावर पिस्ता रंग अजून तसाच होता. कुणाचं तरी घर पाडलेलं आमच्या भाजीच्या वाफ्यात आणून ओतलं होतं. एका ठिकाणी तळापर्यंत खणलं. पंधरापैकी नऊ इंच मलबा. भरताना त्यावर माती होती सहा इंच, म्हणजे तिन्ही वाफे मिळून ४८ घनफूट. अर्धा ब्राससुद्धा भरत नाही. पैसे घेतले तीन ब्रासचे.

फोन केला तेव्हा तो न चाचरता म्हणाला, "निचऱ्यासाठी खाली दगडांचा थर लागतो, बाय." हे कारण तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून नीट सांगते. बारीक मातीखाली जाड खडीचा थर दिला की पाणी लवकर उतरत नाही, उलट अडतं. वरची माती पुरती भिजून गच्च होईपर्यंत ती पाणी खाली सोडतच नाही. भिजवलेला स्पंज खडीवर ठेवला तरी पाणी धरून ठेवतो, तसंच. तळ उघडा असलेल्या वाफ्याला अशा थराची गरज नाही. आणि वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो अशा आपल्या भागात सहा इंच माती म्हणजे मुळांना सतत पाण्यात उभं करणं.

मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात दिला. अर्धा किलो माती, सावलीत वाळवून, खडे काढून. अहवालात पीएच ८.३. आमच्याच परसातली वाफ्याबाहेरची माती सोबत दिली होती, तिचा ५.६. गोव्याची जांभ्याची माती आंबट असते, ती एकदम इतकी अल्कलीकडे कशी गेली? प्लास्टरमधल्या सिमेंटने आणि चुन्याने. कार्यालयातल्या मॅडमनी समजावलं की पीएच इतका चढला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी. आपली माती लाल आहे ती लोहामुळेच, आणि त्याच मातीत भेंडी लोहाविना उपाशी राहिली.

लाकडाचं तर याहून वाईट. पहिला वाफा मोकळा करताना एक फळी आतून फिरवली. बाहेरच्या बाजूने रंधा मारून पॉलिश केलेली, आतून तशीच. तिथे काळा शिक्का: गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, शेजारी आकडे आणि इंग्रजी एम व बी ही दोन अक्षरं. हे निर्यातीच्या मालाखाली वापरायच्या पॅलेटचं लाकूड. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे असं लाकूड किडींपासून मुक्त करावं लागतं. एचटी असेल तर उष्णता दिलेली, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, निदान तीस मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. म्हणजे "ट्रीटेड" हा शब्द खोटा नव्हता. पण ही प्रक्रिया त्या वेळच्या किडी मारण्यासाठी असते, तिने लाकूड कुजायचं थांबत नाही आणि वाळवीही अडत नाही. आमच्या फळ्यांना ऑगस्टपर्यंत खालून वाळवीचे मातीचे पाट चढले होते. शिवाय धुरी दिलेलं लाकूड खायच्या भाजीला लावू नये, असंच सगळे जाणकार सांगतात. कुणी ट्रीटेड म्हणाला तर कशाने ट्रीट केलंय ते विचारा आणि फळीच्या चारही बाजू स्वतः फिरवून बघा.

गांडूळखताच्या गोणी पोल्ट्रीच्या खाद्याच्या होत्या, उलट्या करून शिवलेल्या. उत्पादकाचं नाव नाही, वजन नाही, घटक नाहीत. गांडूळखत हे खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतं, त्याच्या गोणीवर हे सगळं छापलेलं असायलाच हवं. खरं गांडूळखत चहाच्या भुकटीसारखं रवाळ, काळपट आणि हलकं असतं, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. आमचं मूठभर काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळलं तर तळाशी बोटभर रेती बसली आणि वर शेणाचे तंतू तरंगले.

तो आता फोन उचलत नाही. छापील बिल त्याने दिलंच नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲपवरचे दर, यूपीआयच्या पावत्या, माती तपासणीचा अहवाल आणि खणतानाचे फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर आयोगाची फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे मला आधी माहीत नव्हतं. अशी फसवणूक झालेल्या आमच्याच वाड्यावरच्या दोघी "जाऊ दे" म्हणून गप्प बसल्या होत्या, त्या आता कागद गोळा करताहेत.

चवथीला माटोळीची भेंडी आणि काकडी फोंड्याच्या बाजारातून आणली. त्या दिवशी परसाकडे बघवत नव्हतं.

पाऊस सरल्यावर दोन वाफे उपसले आणि चिऱ्यांनी बांधले. सिमेंट नाही, नुसते एकावर एक दोन थर, सांधे चुकवून. सव्वा फुटी चिरा धरला तर चोवीस फुटांच्या घेराला एका थरात वीस, म्हणजे एका वाफ्याला चाळीस चिरे. वाळवीची भीती नाही, कुजायचं नाव नाही, आणि कडेवर बसताही येतं. माती आमच्याच परसातली, तिच्यात कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि धुऊन घेतलेला नारळाचा भुसा. तांबडी भाजी आणि मुळा तरारून आलाय. सासूबाईंचं उरलेलं बी अजून बाटलीत आहे.

तिसऱ्या वाफ्यात मलबा तसाच पडून आहे. सोमवारी दोन कामगार येणार आहेत तो उपसायला आणि नवी माती भरायला. या वेळी मी आणि यजमान परसातच खुर्च्या टाकून बसणार आहोत.