मेड इन जपान की लाइव्ह अँड डेंजरस?

दोन्ही हार्ड रॉक बँडचे लाइव्ह, म्हणजे कार्यक्रमात मुद्रित केलेले, डबल अल्बम (दोन तबकड्यांचे), दोन्ही सत्तरच्या दशकातले. पण डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'वर सातच गाणी आहेत आणि थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वर सतरा. खरा फरक इथूनच सुरू होतो.

पर्पलचं ध्वनिमुद्रण 15 ते 17 ऑगस्ट 1972 ला झालं, दोन रात्री ओसाकात आणि एक टोकियोच्या बुडोकान सभागृहात. नंतर स्टुडिओत जवळपास काहीच मिसळलेलं नाही. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' हेडफोन लावून ऐका. ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो, गायक गिलन तीच गळ्यातून परत करतो. अगदी सवाल-जवाब! सूर चढत चढत शेवटी नुसती किंकाळी उरते. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

लिझीचा अल्बम 1978 चा. लंडन आणि टोरांटोच्या कार्यक्रमांतून वेचलेला. त्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला, असं निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी सांगत. बँडने ते मान्य केलं नाही. मला त्याने फारसा फरक पडत नाही. 'स्टिल इन लव्ह विथ यू'मध्ये गायक लिनॉटचा आवाज हळवा होतो आणि मागून रॉबर्टसनची गिटार अक्षरशः रडते.

हार्ड रॉक नवीन असेल तर लिझीपासून सुरुवात करा, गाणी आटोपशीर आहेत. पर्पलचं वीसेक मिनिटांचं 'स्पेस ट्रकिन' पहिल्याच दिवशी पचणार नाही. पण एकच ठेवायचा म्हणाल, तर मी जपानच ठेवेन.