भिंतीवर नऊ प्लेटा: दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा

मागच्या दिवाळीनंतर घरात नऊ प्लेटा भिंतीवर टांगल्या. आज आठ शिल्लक आहेत. दोघींनी जागा बदलली, एक मध्यरात्री पडून फुटली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताटंच भिंतीला लावलीस, आता जेवायचं कशात?" त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही, पण बाकी जे कळलं ते लिहून ठेवते. मी शोधत होते तेव्हा लावलेल्या दिवसाचे फोटो भरपूर सापडले. पावसाळ्यानंतर काय झालं ते सांगणारं कोणी भेटलं नाही.

घर मुलुंडला, रिडेव्हलपमेंटमधलं, तिसरा मजला. हे आधी सांगते, कारण या सगळ्या प्रकारात प्लेटेपेक्षा भिंत महत्त्वाची ठरली आणि ते मला आठ महिन्यांनी कळलं.

नऊपैकी दोन आजीच्या. गिरगावातल्या चाळीतून आईकडे आणि तिथून माझ्याकडे आलेल्या. निळ्या-पांढऱ्या, विलो पॅटर्नच्या: पूल, पुलावर तीन माणसं, झुकलेलं झाड, वर दोन पक्षी. आजी त्यांना 'चिनी बशा' म्हणायची, मागे शिक्का मात्र 'मेड इन इंग्लंड'. ही नक्षी इंग्लंडच्या कारागिरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी चिनी मालाची नक्कल म्हणून काढली, आणि पळून जाणाऱ्या प्रेमिकांची जी कथा या चित्राला जोडतात तीही तिकडेच रचलेली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं आणि तो कागद बशीवर दाबून बसवायचा, अशी पद्धत. जवळ जाऊन पाहिलं तर काठावर एका जागी कागदाची दोन टोकं जुळलेली नाहीत. शिंप्याने रेघांच्या शर्टाला खिसा तिरका लावावा तसं दिसतं. इतकी वर्षं त्या कपाटात उपड्या पडून होत्या, मला ते कधी दिसलंच नव्हतं. भिंतीवर लावल्याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच.

तीन जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या, तीन उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या, आणि एक चोर बाजारातली, मटन स्ट्रीटवरच्या दुकानातून. तिकडे जायचं तर शुक्रवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. दुकानदार प्रत्येक वस्तूला 'अँटीक' म्हणणारच, ते सोडून द्यावं. मी फक्त आजीची युक्ती केली. ती माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची, तसं प्लेट तीन बोटांवर तोलून काठाला हलकी टिचकी मारली. पहिल्या दोन 'थद्द' वाजल्या, म्हणजे कुठेतरी बारीक चीर. तिसरी छान 'टण्ण' वाजली, ती घेतली.

आता लावण्याकडे. आधी रविवारच्या पुरवणीचे प्लेटांच्या मापाचे गोल कापून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. येता-जाता एखादा सरकवायचा. हे नक्की करा. मला वाटलं होतं की सगळ्यात मोठी प्लेट मधोमध हवी. कागद लावल्यावर ती मधोमध भिंतीवरच्या घड्याळासारखी दिसायला लागली, म्हणून डावीकडे खाली नेली. दोन प्लेटांमध्ये अडीच-तीन इंच ठेवले.

माप घेताना एक चूक हमखास होते, माझीही झाली. प्लेट धरणाऱ्या तारेच्या हँगरचा आकडा प्लेटेच्या वरच्या काठाच्या बराच खाली असतो, आणि वजन पडलं की स्प्रिंग ताणून तो वर येतो. त्यामुळे आकडा बोटाने वर ओढून धरायचा, मग काठापासूनचं अंतर मोजायचं. मी न ओढता मोजलं आणि पहिलं भोक अर्ध्या इंचाने चुकलं. प्लेटेमागे लपलंय, कोणाला सांगू नका.

ज्या सुतारकाकांना बोलावलं ते साधं ड्रिल घेऊन आले. हॉलची लांब भिंत निघाली आरसीसीची. हल्लीच्या बऱ्याच नव्या इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीच काँक्रीटच्या ओततात, तिथे ड्रिल नुसतं रडतं. बिटचं टोक लाल झालं, भिंतीला खळगासुद्धा धड पडला नाही. दुसऱ्या दिवशी ते हॅमर ड्रिल घेऊन आले. सहा एमएमचा बिट, त्याच मापाची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग, वर स्क्रू. मग कुठे काम सुरू झालं.

खिडकीच्या बाजूची, म्हणजे बाहेरची भिंत मात्र सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची. तिथे उलटा प्रकार. काकांनी हॅमर चालू ठेवूनच ड्रिल लावलं आणि भोकातून पिठासारखा भुगा ओघळला. गिट्टी बोटाने बाहेर येत होती. या ब्लॉकला हॅमर बंद ठेवून, नुसतं फिरवून भोक पाडायचं असतं आणि गिट्टी लांब घ्यायची असते, हे आता माहीत आहे. तेव्हा काकांनी भोक आणखी खोल करून, काडीपेटीच्या काड्या कोंबून कशीबशी एक गिट्टी बसवली. तोवर एक वाजायला दहा मिनिटं होती. आमच्या सोसायटीत ड्रिलिंग दहा ते एक. एक वाजून एक मिनिटाने सेक्रेटरींचा फोन येतो. एक प्लेट उरली होती, तिला मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावून मोकळी झाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

स्वयंपाकघराच्या दाराजवळची एक धरून पाच प्लेटा स्प्रिंगच्या तारेच्या हँगरवर, तीन चिकट चकत्यांवर, एक टेपवर, असा हिशेब झाला.

स्प्रिंगचे हँगर एकेक ऐंशी-नव्वद रुपयांना मिळाले. चार नख्या पुढून काठाला धरतात, मागे दोन स्प्रिंगा. मजबुतीला दहापैकी नऊ. एकही हलला नाही, आणि सव्वा किलोची खुर्जाची मोठी प्लेटही त्याच्यावरच आहे. पण माप नीट बघून घ्या. लहान हँगर ताणून बसवला तर स्प्रिंग काठाला दिवसरात्र आवळत राहते, जुन्या प्लेटेचा टवका त्यानेच उडतो. बसवून झालं की गादीवर धरून दोन-चार झटके द्यावेत. पडायची असेल तर तिथेच पडू दे.

तक्रार दोन गोष्टींची. नख्या समोरून दिसतात, त्याची सवय होते. दुसरी गोष्ट गंजाची. तार सोनेरी मुलाम्याची आहे, आत लोखंडच. जुलै संपता संपता नख्यांवरची प्लॅस्टिकची टोपणं चिकट आणि पिवळी पडली, आणि आजीच्या एका बशीच्या काठावर तांबूस ठिपका दिसला. जुन्या बशीच्या झिलईवर केसासारख्या भेगांचं जाळं असतं, त्यात गंज उतरला तर निघणं कठीण. वेळीच दिसला म्हणून ओल्या फडक्याने पुसला गेला. मग लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून वायरमन वापरतात ती पारदर्शक श्रिंक ट्यूब आणली, नख्यांवर चढवून हेअर ड्रायरने बसवली. वीस रुपयांचं काम, ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

चकत्या म्हणजे कागदी-कापडी गोल, मागे कोरडा डिंक आणि एक कडी. पाणी लावून डिंक चिकट होईपर्यंत थांबायचं, प्लेटेच्या मागे दाबायची, रात्रभर सुकू द्यायचं आणि कडी खिळ्याला अडकवायची. समोरून काही दिसत नाही, म्हणून दिसायला हीच सगळ्यात छान. किती वजनाला कोणती चकती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. प्लेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, अंदाज नको. आतल्या भिंतीवरच्या दोन चकत्या आजही नव्यासारख्या आहेत. खिडकीच्या भिंतीवरची मात्र ऑगस्टमध्ये एका बाजूने किंचित उचललेली दिसली. काढायची असेल तेव्हा पाण्यात भिजवून काढा, असं त्याच पाकिटावर लिहिलंय. मग महिनाभर ओल धरणाऱ्या भिंतीवर ती सुटायला लागली तर नवल कसलं? मी ती प्लेट उतरवली आणि नवी चकती लावून पॅसेजमध्ये हलवली. आजीच्या बशांना चकत्या मुद्दाम लावल्या नाहीत, काढताना भिजवायचं पाणी त्या भेगांत गेलं असतं.

आणि टेप. जुलैमध्ये चार दिवस सलग पाऊस लागला होता, खिडक्या बंद, कपडे घरात वाळत घातलेले. रात्री तीनच्या सुमारास आवाज आला. आधी वाटलं मांजर आलं. दिवा लावला तर जयपूरची दहा इंची प्लेट जमिनीवर, सात-आठ तुकडे.

मी टेपला शिव्या देत बसले होते. सकाळी सगळ्यात मोठा तुकडा उलटा केला तर टेप जागच्या जागी, घट्ट. टेपच्या दुसऱ्या अंगाला तळहाताएवढा क्रीम रंगाचा पापुद्रा आणि त्याच्यामागे पांढरी, दमट पुट्टी. म्हणजे टेपने प्लेट सोडली नव्हती आणि रंगही सोडला नव्हता. रंगाने भिंत सोडली होती. बाहेरच्या भिंतीत ओल उतरली, पुट्टी फुगली आणि सगळं थरासकट खाली आलं. टेप कितीही महागाची घ्या, ती फक्त रंगाच्या पापुद्र्याला धरून असते.

तुकड्यांची कड बघत मी बराच वेळ बसले होते. आत लाल माती नाही, पांढरं, रवाळ, दाणेदार, खव्याच्या बर्फीसारखं. ब्लू पॉटरीत कुंभाराची नेहमीची चिकणमाती नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक असा लगदा साच्यात दाबतात आणि एकदाच भाजतात. निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. म्हणूनच ती इतकी झळकते आणि म्हणूनच इतकी ठिसूळ. तिच्या काठाला नख्यांचा ताणही मी देणार नाही. तिच्यासाठी चकतीच, तीही घराच्या आतल्या भिंतीवर.

बाकी सहवासाच्या गोष्टी. प्लेट आणि भिंत यांच्यामधली फट पालींना फार आवडते. पहिल्या महिन्यातच एक मुक्कामाला आली आणि संध्याकाळी ट्यूब लावली की आजीच्या पुलामागून डोकं काढायला लागली. फेल्टची गोल बटणं प्लेटेच्या मागे खालच्या बाजूला चिकटवली, तेव्हा खडखड थांबली, पाल गेली नाही. मे महिन्यात खुर्जाच्या प्लेटेमागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं, दोन छोटी गाडगी शेजारी शेजारी. पुढे खुर्जाचं काम, मागे तिचं. घर रिकामं झाल्यावर काढलं, भिंतीवर डाग राहिलाय. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली भांडी काचेच्या कपाटात का ठेवतात ते आता मनापासून पटतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये मार्चमध्ये फरशी उखडायला ब्रेकर लावला होता. सामाईक भिंत काँक्रीटची, सगळी थरथर इकडे. पडलं काही नाही, पण रोज संध्याकाळी प्लेटा तिरक्या झालेल्या असायच्या. विलोमधली माणसं पूल चढण्याऐवजी उतरताना दिसायची. गणपतीत खालून ढोल-ताशा गेला तेव्हा मात्र फेल्टमुळे सगळं शांत.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ प्लेट लावू नका. फोडणीचा तेलकट थर बसतो, त्यावर धूळ, आणि दोन महिन्यांत ती हाताला चिकटते. ती मी हॉलमध्ये, लांब भिंतीच्या टोकाला नेली. बाकीच्यांना पंधरा दिवसांतून एकदा रंगाच्या मऊ ब्रशने वरचा काठ झाडते, कारण समोरच्या प्लॉटवर टॉवर चालू आहे आणि धूळ तिथेच साठते. चार महिन्यांनी सगळ्या उतरवून पुसते, त्यात एक दुपार जाते.

खर्च प्लेटा सोडून: सुतारकाका नऊशे. हँगर, चकत्या, गिट्ट्या, ट्यूब, फेल्ट मिळून साधारण अकराशे. टेप ऐंशी रुपये, आणि फुटलेली प्लेट साडेआठशेची. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला विचारल्याशिवाय भोकं पाडू नका, अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून पुट्टी-रंगाचे पैसे कापले जातात, बहिणीला अनुभव आहे.

ऑगस्टमध्ये काकांना परत बोलावलं. जिथून प्लेट पडली तिथला रंग खरवडला, हॅमर बंद ठेवून नीट भोक पाडलं, लांब गिट्टी, स्क्रू पक्का. पुन्हा तिथे प्लेट लावायची तर खुर्जाची, स्प्रिंगवर, आणि पावसाळा पुरता गेल्यावर, असं मी ठरवलं होतं. पण रिकामा स्क्रू आमच्या घरात किती दिवस रिकामा राहणार? सासूबाईंनी तिथे कालनिर्णय अडकवलंय. सिलिंडर कधी लावला, दूध कुठल्या दिवशी घेतलं नाही, सगळं त्याच्यावर. "हे पडलं तरी फुटत नाही," म्हणाल्या. खिडकी उघडी असली की रात्रभर फडफडतं मात्र.